भिंतीकडे वळलेला म्हातारा

म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

ललितानं खांद्यावरची पर्स अजून उतरवली नव्हती. संस्थेचे कुणी जुने विश्वस्त वारले म्हणून त्या मंगळवारी कॉलेज साडेदहालाच सुटलं होतं. ग्रंथालयाला कुलूप लावून ती द्वारका चौकापर्यंत चालत आली होती आणि तिथून रिक्षानं इंदिरानगरला. एरवी घरी यायला तिला संध्याकाळचे साडेपाच होत. सकाळी अकराचं आपलं घर तिनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि ते तिला ओळखच देत नाहीसं वाटलं. समोरच्या खोलीत ऊन भलत्याच जागी पडलं होतं, थेट काचेच्या कपाटावर. आत तीन फळ्यांवर अण्णांचे, तिच्या वडिलांचे, तंबाखूचे तेवीस पाईप नेहमीसारखे मांडलेले: चिमणीतून धूर सोडणारं रेल्वेचं इंजिन, बुटाच्या आकाराचा, कवटीचा, अंडं पकडलेल्या पक्ष्याच्या पंजाचा, चाप ओढला तरी काही न होणारं पिस्तूल, आणि एकाच वाटीला दोन दांड्या असलेला, दोघांनी समोरासमोर बसून ओढायचा. मधल्या फळीच्या मधोमध म्हातारा. लिंबाएवढं तपकिरी मातीचं डोकं, छातीवर आल्यासारखी दाढी, बारीक केलेले डोळे आणि डोक्यावर बिजागरीनं उघडणारी कथलाची टोपी. हा म्हातारा गेली पंधरा-सोळा वर्षं खोलीकडे बघत बसलेला होता. ललितानं त्याच्यासमोर अभ्यास केला होता, तिला बघायला आलेल्या माणसांना चहा दिला होता, अण्णांना शेवटचं घराबाहेर नेलं तेव्हाही तो तसाच बघत होता. आज त्याचं डोकं मागून दिसत होतं आणि दांडी काचेला टेकली होती. आणि वास येत होता. जळलेल्या तंबाखूचा वास, कोरडा, घशाच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा. या घरात गेले अकरा महिने ती आणि आई अशा दोघीच राहत होत्या, आणि त्याआधीही या घरात कुणी कधी तंबाखूला काडी लावलेली नव्हती. निदान चौदा-पंधरा महिन्यांपूर्वीपर्यंत तिची तशी समजूत होती.

मागच्या दारातून आई आली. पदर तोंडावर धरलेला. "एवढ्या लवकर?" तिनं पदराआडूनच विचारलं. "सुट्टी दिली," ललिता म्हणाली. "आई, वास येतोय." "शेजारी काहीतरी जाळलं असंल," आई म्हणाली आणि आत गेली. मोरीत पाणी सोडल्याचा आवाज आला. ललितानं कपाट उघडलं, म्हाताऱ्याला दोन बोटांत धरून फिरवलं, पुन्हा खोलीकडे बघायला लावलं. तो नेहमीपेक्षा जड लागला की तिलाच तसं वाटलं, हे तिनं ठरवलं नाही. काच लावून घेतली.

अण्णा कवळ्या करत. गावातले दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवत, अण्णा त्यावरून प्लास्टरचे जबडे काढत आणि जबड्यांवर दात बसवत. आधी पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात त्यांची एक खोली होती. अठ्ठ्याऐंशी साली इंदिरानगरला घर झालं तेव्हा ती खोली घराच्या मागच्या अंगाला आली. तिथं भिंतीभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर अनोळखी माणसांचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. नाशकातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे, असं अण्णा म्हणत, आणि त्यात बढाई फारशी नसे. पहिला पाईप त्यांना देवळालीच्या एका पारशी म्हाताऱ्यानं दिला, तेच रेल्वेचं इंजिन. "ले रे हिरामण," तो म्हणाला होता, "तू नवा दात दिला, आता बायको त्याला धूर लावू देत नाय. तूच सांभाळ." मग देवळालीतल्याच कुणा निवृत्त कर्नलनं बूट दिला, त्याच्या विधवा बहिणीनं पंजा. बुधवारच्या बाजारात नदीकाठी जुन्या नळांच्या तोट्या आणि बिजागऱ्या मांडून बसणाऱ्यांकडे अण्णांना कवटी मिळाली, पिस्तूल मिळालं. एक्याण्णवच्या सिंहस्थात तपोवनात उतरलेल्या एका साधूची कवळी मधोमध तुटली होती. अण्णांनी ती एका दिवसात जोडून दिली, तेव्हा त्यानं नागाच्या आकाराची चिलीम त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "बेटा, इसमें दम नहीं भरेगा तो साँप काटेगा." "चावू द्या महाराज," अण्णा हसून म्हणाले होते, "चावलाच तर त्याचेही दात बघून घेऊ." ही गोष्ट ते येईल त्याला सांगत. म्हातारा मात्र कुठून आला ते ललिताला नीट माहीत नव्हतं. नव्या घराच्या वास्तुशांतीच्या सुमारास तो कपाटात आला एवढंच तिला आठवत होतं, आणि सगळ्या पाईपांत झाकण असलेला तो एकटाच होता.

माणसं तोंडात धरायच्या वस्तू काय काय आकाराच्या करतात, हेच मला बघायचं असतं, असं अण्णा म्हणायचे. त्यांचा नियम एकच होता. यात तंबाखू जाणार नाही. दिवसभर ते तंबाखूनं पोखरलेल्या तोंडांचे ठसे हाताळत, त्यामुळे या बाबतीत त्यांच्याशी थट्टा चालत नसे. पाव्हण्यारावळ्यांपैकी कुणी पिस्तूल उचलून ओठांशी नेलं तरी ते उठून हळूच काढून घेत. आईचं नाव पुतळा. ती पेठकडच्या डोंगरातली, नागली-भात पिकवणाऱ्या घरातली. तिथं बाया दात मिश्रीनं घासत. तव्यावर तंबाखू काळाठिक्कर होईपर्यंत भाजायचा, कुटून त्याची पूड करायची आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ बोटानं हिरड्यांना लावायची. लग्न होऊन आई नाशकात आली तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीत मिश्रीची डबी होती, आणि अण्णांनी ती पहिल्याच आठवड्यात मोरीत ओतली. हा किस्सा घरात हसत सांगितला जाई. आईही हसे. ललिता लहानपणी आजोळी जाई तेव्हा मावश्या उंबऱ्यावर बसून बोट तोंडात घालून गप्पा मारत. त्यांची ओठांच्या कडांशी काळी झालेली तोंडं तिला आठवत. आईचं तोंड तसं नव्हतं. आईचे दात पांढरे होते आणि त्याचा अण्णांना अभिमान होता. दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी ते आईला कामाच्या खोलीतल्या, आधी पंचवटीच्या आणि मग इथल्या, लाकडी खुर्चीत बसवत, तिच्या गळ्याशी पंचा बांधत आणि कवळ्या घासायच्या प्यूमिस दगडाच्या ओल्या पुडीत छोटा ब्रश बुडवून तिचा एकेक दात घासत. दार लोटलेलं असे. आतून काही बोलणं ऐकू येत नसे, नुसती ब्रशची खसखस आणि मधूनच आईनं भांड्यात थुंकल्याचा आवाज. ललिताला लहान असताना वाटे, सगळ्यांचे आईवडील रविवारी असं करत असतील. मोठी झाल्यावर, वाचायला लागल्यावर, पुस्तकातल्या नवरा-बायकोंमध्ये तिनं या दृश्याच्या जवळपास जाणारं काही शोधलं. ते तिला सापडलं नाही.

तिनं पुस्तकंही भरपूर वाचली होती. लग्न जमलं नाही, मग जमवायचं राहून गेलं, आणि मुलींच्या कॉलेजचं ग्रंथालय सांभाळता सांभाळता ती बेचाळीसची झाली. पुस्तकांतली भुतं बहुतेक काहीतरी सांगायला आलेली असतात. बुधवारी दिवसभर कार्डांचे खण लावताना ती विचार करत राहिली, अण्णांना काय सांगायचं असेल? जे सांगायचं ते जिवंतपणी ते बोलले नव्हते. दोन हजार तीनच्या मे महिन्यात त्यांच्या फुफ्फुसात गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "बिडी, सिगारेट?" अण्णा म्हणाले, "कधीच नाही." डॉक्टर म्हणाले, "तुमच्या कामातली धूळही असू शकते, प्लास्टरची, घासकामाची. किती वर्षं करताय?" अण्णांनी बोटांवर हिशेब केला, "पंचेचाळीस." बोलणं तिथं थांबलं होतं. घरी आल्यावर, भर दुपारी, अण्णा झोपलेले असताना ललिता त्या कपाटासमोर उभी राहिली. का उभी राहिली, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. कशाला तरी कारण हवं होतं, आणि कारण काचेमागे तीन फळ्यांवर मांडून ठेवलेलं होतं. तिनं एकेक पाईप काढून हुंगला. इंजिन, बूट, कवटी. सगळे निव्वळ धुळीच्या वासाचे. मग म्हाताऱ्याची टोपी उघडली. आत काळं होतं.

ते तिनं तळहातावर ओतलं आणि तशीच अण्णांच्या पलंगाशी गेली. ते जागे झाले होते. "अण्णा, हे काय?" अण्णांनी तिच्या तळहाताकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे स्वयंपाकघराच्या दारात आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तांब्यातलं पाणी थोडं हिंदकळून फरशीवर सांडलं. "असेल," अण्णा म्हणाले. "असेल म्हणजे? ओढत होतात?" "म्हटलं ना, असेल." एवढंच. चिडले नाहीत, लाजले नाहीत. ती वळली तेव्हा मागून म्हणाले, "ललू, म्हाताऱ्याला घासू नकोस. आहे तसा राहू दे." तिला वाटलं, व्यसनी माणसं अशीच बोलतात. तिनं तो मोरीत नेऊन साबणाच्या पाण्यानं घासला, आत काठी घालून खरवडला, पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत पुसला आणि कपाटात जागेवर ठेवला. पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या हाताखालच्या मुलीनं कागद भरायला दिला तेव्हा धूम्रपानापुढच्या चौकटीत ललितानं स्वतःच्या हातानं 'होय' लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं आणि म्हणाले, "मग प्रश्नच मिटला." अण्णा शेजारी बसले होते. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

त्यानंतरचे चार महिने तिनं त्यांचं सगळं केलं. वेळेवर औषधं दिली, पाठ शेकली, रात्री-अपरात्री उठली, धाकटा भाऊ किशोर पुण्याहून येऊन-जाऊन असे त्याचंही बघितलं. पण पूर्वी ती त्यांना संध्याकाळी वाचून दाखवी, ते तिनं बंद केलं. त्यांनी विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "तू काय वाचतेस सध्या?" ती म्हणाली, "काही नाही." खोटं बोलणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला काही वाटत नाही, हे तिच्या मनात तेव्हा स्पष्ट शब्दांत आलं होतं, आणि ते वाक्य आता तिच्या मागे लागलं होतं. सप्टेंबरात, सिंहस्थाच्या गर्दीनं निम्मे रस्ते अडवलेले असताना, अण्णा गेले. अमरधामपर्यंत लांबच्या वाटेनं जावं लागलं. वाटेत एका चौकात चिलीम ओढत बसलेला साधूंचा घोळका दिसला आणि ललितानं मान फिरवली.

गुरुवारी तिनं अर्धी रजा टाकली. दुपारचा एक वाजला होता. या वेळी वास फाटकापाशीच आला. वारा पडलेला होता, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि ती स्वतःच्या घराच्या पायरीवर चोरासारखी थांबली. आतून खोकल्याचा आवाज आला, एकदाच, दबलेला. अण्णा असंच खोकत, दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून. ती आत गेली. खोलीत कुणी नव्हतं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. मंगळवारी तिनं त्याला स्वतः सरळ केलं होतं. टोपी उघडून बघावं, इतकं साधं काम होतं ते. तिचा हात काचेपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. आत काही नसेल तर आपलं डोकं फिरलं आहे. आत काही असेल तर अण्णा अजून ओढताहेत, आणि आपण इतकं घासून पुसूनही त्यांनी आपलं ऐकलेलं नाही. तिला भीती वाटत होती. पण भीतीच्या खाली जे होतं ते तिनं ओळखलं. तिला राग आला होता. मेलेल्या माणसाचा, अजूनही, तसाच. आई मागच्या अंगणातून पदर तोंडाला लावून आत आली. अण्णा गेल्यापासून आईला ही सवय लागली होती. बोलताना, हसताना, कुणी आलं-गेलं की पदर ओठांवर. ललिताला वाटे, दुःखाचं असतं असं प्रत्येकाचं काही. "खोकलीस का?" तिनं विचारलं. "ठसका लागला," आई म्हणाली. तिनंही कपाटाकडे पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी किशोरचा फोन आला. "ताई, रविवारी येतोय बरं का तो संग्रहालयाचा माणूस. मीच घेऊन येतो त्याला. सगळा संग्रह एकत्र ठेवणार आहे, खाली अण्णांच्या नावाची पाटी लावणार आहे. तू फक्त धूळ झटकून ठेव." पाईप देऊन टाकायचे हे ललितानंच सुचवलं होतं. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं, आणि त्याच्या आत ते कपाट तिला रिकामं हवं होतं. "आईला विचारलंस?" किशोर म्हणाला. "तिला काय त्याचं," ललिता म्हणाली.

शनिवारी तिनं रजाच घेतली आणि जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून पाईप पुसायला बसली. आई सकाळपासून आत-बाहेर करत होती. दोनदा येऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा म्हणाली, "समदे देनार?" रोजच्या बोलण्यात आईची पेठकडची भाषा घासून गुळगुळीत झाली होती, पण मन थाऱ्यावर नसलं की ती वर येई. "सगळे," ललिता म्हणाली. "म्हातारा ठेव." "का?" "असू दे एक. आठवन." "नेमका तोच?" ललिताचा आवाज तिलाच चिरका लागला. आई आत गेली. ललितानं इंजिनाची चाकं पुसली. दोन दांड्यांचा पाईप पुसताना तिला आठवलं, अण्णा तो हातात धरून आईला म्हणत, हा आपला, बरं का पुतळा, आणि आई म्हणे, तुमचं तुम्हीच ओढा. म्हाताऱ्याला तिनं सगळ्यात शेवटी घेतलं. तो आजही पाठमोरा होता. खिडकीशी नेऊन, उजेडात धरून, तिनं टोपी उघडली.

काठोकाठ काळी पूड. ताजी, मऊ, काजळासारखी. तिनं स्वतः खरवडून पुसलेल्या भांड्यात.

तिनं पूड तळहातावर घेतली आणि ती स्वयंपाकघरात गेली. चतुराबाई ओट्याशी भांडी घासत होती. ती पंचवटीतून यायची, अण्णांच्या जुन्या खोलीच्या शेजारची, पंधरा-सोळा वर्षं घरात कामाला. तिनं वळून ललिताच्या तळहाताकडे पाहिलं आणि तोंडभर हसली. "अगं बया! घावली का शेवटी?" "काय?" "मिश्री हो. मी मावशींना किती डाव म्हन्ले, ताईला सांगून टाका. मिश्रीच हाय, दारू थोडीच हाय. पन त्या ऐकतील तर." तिनं ओलं बोट पदराला पुसलं, ललिताच्या तळहातावर टेकवलं आणि सरळ हिरडीला लावलं. "लय बारीक काढली या वक्ताला. ताई, तोंड काहून असं केलं? तुम्ही कधी पायली नाय का मिश्री?"

ललितानं पाहिली होती. आजोळच्या उंबऱ्यावर, डब्यांत, मावश्यांच्या बोटांवर. पाईपात पाहिली नव्हती. पाईपात सापडली, म्हणून ती राख. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक, हे ती कॉलेजच्या मुलींना दर वर्षी सांगत आली होती. ज्या घरात एखादा माणूस जरी पाईप ओढत असता, त्या घरात राख कशी दिसते ते तिला कळलं असतं. करडी, भुरभुरीत, अर्धवट जळलेल्या तुकड्यांची. ही चूक अण्णांच्याच घरात होऊ शकत होती. दारात आई उभी होती. तेच दार. हातात या वेळी काही नव्हतं आणि पदर खाली आलेला होता. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच ललितानं आईचे दात पाहिले. हिरड्यांशी काळी किनार, दातांच्या फटींत काळ्या रेघा. चतुराबाईनं दोघींकडे बघितलं, नळ बंद केला आणि "भांडी मंग घासते," म्हणून मागच्या दारानं निघून गेली.

"कधीपासून?" ललितानं विचारलं.

"सोडलीच कधी होती," आई म्हणाली. ती पाटावर बसली. "डबी मोरीत गेली तवा आठ दिवस डोकं धरून पडले होते. मग शेजारनीची घ्यायचे. या घरात आल्यावर ही चतुरा आयती करून द्यायची. ठेवायची कुठं? डबी दिसली तर बोलतील. त्या पाईपांत कुनी हात घालायचं नाय असा नेमच होता घरात. त्याला झाकनही होतं. तू घासल्यावर पुडीत बांधून लपवायचे, याच आठवड्यात परत त्यात भरली."

"आणि हा वास?"

"आता मीच भाजते मागं, चुलीवर. तू नसताना. चतुरा महाग झालीय." ती हसायला गेली आणि थांबली.

"अण्णांना माहीत होतं?"

आईनं तिच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला. "दात कोन घासायचं माझे?" ती म्हणाली. "एका शब्दानं कधी बोलले नाय. काळं निघायचं भांड्यात, ते ओतून यायचे. ते झाकन मागून उघडावं लागतं, मी ठेवायचे तसाच उलटा राहायचा तो. सरळ करायचं मला नाय सुचायचं. संध्याकाळी बघावं तर सरळ केलेला असायचा. रोज."

म्हणजे मंगळवारी आणि गुरुवारी कुणी आलं नव्हतं. कुणी येत नव्हतं. पंधरा वर्षं संध्याकाळी एक हात त्या कपाटापर्यंत जाई, आणि आता तो जात नव्हता, इतकंच झालं होतं. ललिताला वाटलं, भूत असतं तर बरं झालं असतं. तिनं मूठ मिटली. पूड बोटांच्या फटींतून सांडली.

"त्या दिवशी तू इथंच उभी होतीस. बोलली का नाहीस? मी त्यांना..." चौकटीतलं 'होय' तिला दिसत होतं, तिचं स्वतःचं वळणदार अक्षर.

"बोलनार होते," आई म्हणाली. "तोंड उघडलं होतं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं." तिनं फरशीवर सांडलेली मिश्री बोटानं एकत्र करायला सुरुवात केली. "तू मोरीत गेल्यावर मी पाय धरले त्यांचे. म्हन्ले, सांगते तिला. तर म्हणाले, नको. मी चाललोय. तिला तुझ्याबरोबर राहायचंय."

बाहेर चतुराबाई कुणाशी तरी मोठ्यानं हसत होती. अण्णांचा तिच्याबद्दलचा अंदाज इतका बरोबर होता की तिला त्याची लाज वाटली. आता, या क्षणी, पाटावर बसलेल्या या बाईला खांद्याला धरून हलवावं, चार महिने तू बघत होतीस, मी त्यांच्याशी कशी वागत होते ते तू बघत होतीस, असं ओरडावं, असा राग तिच्या हातापायांत उतरला होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी एक डबी मोरीत ओतणारा माणूस आणि हा माणूस, यांच्यामध्ये किती रविवार गेले असतील? त्यातलं तिला काही माहीत नव्हतं. तिला फक्त लोटलेलं दार माहीत होतं. आई बोटानं पूड गोळा करत होती, पुन्हा पुन्हा, जिथं आता काही उरलं नव्हतं तिथूनही.

दुपारी तिनं किशोरला फोन केला. "त्या माणसाला आणू नकोस." "अगं, ठरलंय सगळं. असं कसं?" "म्हाताऱ्याशिवाय संग्रह अपुरा राहील. आणि म्हातारा घरात लागतो." "लागतो म्हणजे? काय बोलतेस तू?" "आल्यावर सांगेन," ती म्हणाली. सांगणार नाही, हे तिला तेव्हाच माहीत होतं.

रविवारी सकाळी तिनं मागची खोली उघडली. अकरा महिन्यांची धूळ सगळ्या जबड्यांवर सारखी बसली होती. प्यूमिसचा डबा जागेवर होता, ब्रश एका पेल्यात उभे होते, पंचा खुंटीवर. तिनं खुर्ची पुसली. आईला हाक मारली. आई दारात आली, खुर्चीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "काही नको आता," म्हणाली. "बस," ललिता म्हणाली. आई बसली. पंचा बांधताना ललिताच्या बोटांना आईच्या मानेची कातडी लागली, सैल आणि गार. आईनं तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले. ललितानं ब्रश ओल्या पुडीत बुडवला आणि पुढच्या दाताला लावला, आडवा, जोरात, मोरीत म्हातारा घासला होता तसा. पहिल्याच फटक्याला हिरडीतून रक्त आलं. आईनं ललिताचं मनगट धरलं आणि ब्रश तोंडातून बाहेर काढला.

"असं नाय," ती म्हणाली. ओठांवर लाल-काळं पाणी होतं. "गोल. ते गोल फिरवायचे."

तिनं मनगट सोडलं नाही. धरून स्वतःच्या तोंडापर्यंत नेलं आणि फिरवून दाखवलं, एकदा, दोनदा, अगदी हळू, जणू त्या गतीचं माप तिच्या दातांना अजून आठवत होतं. मग हात सोडून दिला. ललितानं तसं करून पाहिलं. राग गेला नव्हता. तो कोपरात होता, खांद्यात होता, पण गोल फिरणाऱ्या हातातून तो आईच्या हिरड्यांपर्यंत जात नव्हता. फळ्यांवरचे जबडे आ वासून बसले होते. आईनं भांड्यात थुंकलं. ललिता ते भांडं घेऊन मोरीत गेली, काळं पाणी ओतलं, भांडं विसळलं आणि परत आली. एका दाताचं काळं पूर्ण जायला किती वेळ लागतो, हे तिला आता कळत होतं.

सोमवारी ती नेहमीच्या वेळी, साडेपाचला, घरी आली. वास नव्हता, किंवा ती यायच्या आत दारं-खिडक्या उघडल्या गेल्या होत्या. आई आत भाजी निवडत होती. पाईप पुन्हा तिन्ही फळ्यांवर मांडलेले होते, आणि मधल्या फळीवर म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. ललितानं पर्स खुर्चीवर ठेवली, काच उघडली आणि त्याला सरळ केलं. मग आईला काही न विचारता हातपाय धुवायला मोरीकडे गेली.